खालचा थर

मला धाकटा भाऊ नाही. तो होऊ न देणाऱ्या बाई दर गणपतीत आमच्याकडे यायच्या, माझ्या वाटणीचा मोदक खायच्या आणि वर आईला म्हणायच्या, "वहिनी, याला अजून एक दे गं, तोंड बघ कसं झालंय!"

कुसुमबाई आमच्या भागाच्या सरकारी नर्स. राहायला कर्जतात, मास्तरांची मुलगी. पण उभा जन्म गेला तो पळसदरीच्या आसपासच्या गावांतून कुटुंबनियोजन सांगत फिरण्यात. आवाज असा की बाई वेशीत शिरल्या की पुरुषमंडळींना एकाएकी शेतावरची कामं आठवायची. मग बाई शेतावर जायच्या. बांधावर उभ्या राहून विचारायच्या, "काय हो, रोपं दाट लावली तर काय मिळतं?"

"पेंढा."

"आणि बेतानं लावली तर?"

"लोंबी भरते."

"मग खाचरात कळतं ते घरात का नाही कळत?"

तो काळ आकड्यांचा होता. इतक्या शस्त्रक्रिया झाल्याच पाहिजेत, असा वरून हुकूम यायचा. एकदा एक साहेब जीप घेऊन आले आणि दिसेल त्या बाईला आत बसवायला लागले. कुसुमबाई जीपच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. "साहेब, या बायका आहेत, सरकारनं सक्तीनं उचलायचं लेव्हीचं भात नव्हे. पटलं की येतील आपल्या पायांनी." साहेब रिकामी जीप घेऊन परतले. बायका पुढे खरोखरच आल्या. दोन मुलांवर, अगदी दोन मुलींवरसुद्धा थांबल्या.

आता या गोष्टीची दुसरी बाजू बघा. आज आमच्या शाळेत पोरांपेक्षा बाकं जास्त आहेत. लावणीला माणूस मिळत नाही, म्हणून कित्येक खाचरं फार्महाऊसवाल्यांनी घेतली. पण गावाला खरं झोंबलं ते दहीहंडीला. मारुतीसमोरची हंडी गावच्याच माणसांनी फोडायची आणि तिचं दही घरोघर पोचवायचं, ही आमची रीत. बाहेरच्यानं फोडली तर ते दही कुणी उंबऱ्याच्या आत घेत नाही. माझ्या लहानपणी चार थर लागायचे. मग तीन झाले, मग दोन. शेवटी दोर इतका खाली आला की एखादी म्हैस शिंग लावून हंडी फोडेल, अशी भीती वाटायला लागली.

गेल्या वर्षी पारावर बैठक बसली. निवृत्त झालेल्या कुसुमबाईही सवयीनं आल्या होत्या. खोपोलीचं पथक आणू या, असं सरपंच म्हणाले आणि धोंडूतात्या भडकले. तात्या म्हणजे एकेकाळचे तिसऱ्या थराचे मानकरी.

"ह्या बाईनं केलंय रं हे! आमचा खालचा थर हिनं कापला. रोपं यवढी पातळ झाली की आता पाखरंच खातात. उद्या आमाला खांदा द्यायला पन खोपोलीवरनं मानसं आना!"

बाई वाद सोडून निघाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच. आमच्या ओटीवर येऊन बसल्या. आई तांदूळ निवडत होती.

"वहिनी, तात्या खोटं नाही बोलले. मी चुकले का गं?"

आईचे हात थांबले नाहीत. "तुमी आला नसता तर तिसऱ्या बाळंतपनात मी गेली असती. ह्याच्याच वेळी डॉक्टरनं हात टेकले हुते. मंग ह्या पोरांना कुनी वाढवलं असतं? आपली भाताची गिरनी कुनी चालवली असती?"

मी खांबाला टेकून उभा होतो. डॉक्टरांचं हे मला त्या दिवशी प्रथम कळलं. आणि धाकट्या भावाचा विनोद मी गावभर सांगत हिंडायचो.

बाईंची नजर आईच्या खांद्यांवर गेली. "भाताची पोती कोण उचलायचं गं गिरणीत?"

"मीच. माज्या खांद्याला काय झालंय?"

बाई ताडकन उठल्या. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून त्या पुन्हा त्याच घरांच्या पायऱ्या चढू लागल्या. या खेपेला हंडीसाठी लेकी मागत. कुणी कर्जतच्या कचेरीत होती, कुणी खालापूरकडच्या कारखान्यात, कुणी भाजीचा टेंपो चालवत होती. माझी ताई नेरळहून आली, गुडघ्याला पट्टा बांधून.

"बाया खालच्या थराला?" तात्या गरजले. "शोभतं का?"

"तात्या, लावणीला चिखलात दिवसभर वाकून कोण उभं असतं? या बाया, की बांधावरून 'सरळ लावा गं' म्हणून ओरडणारे तुम्ही?"

पहिला मनोरा कोसळला, कारण ताईला हसू आलं. दुसऱ्यांदा मात्र खाली बायका आणि आम्ही ढेरपोटे मिसळून उभे राहिलो, मध्ये कॉलेजातल्या पोरी, आणि वर तात्यांची एकुलती नात. सगळं गाव वर बघत होतं. बाई तेवढ्या हात पसरून खाली उभ्या होत्या, पोर पडलीच तर झेलायला. हंडी फुटली आणि निम्मं दही तात्यांच्या टोपीवर आलं.

मिशा चाटत तात्या म्हणाले, "बाई, पुढच्या साली चार थर?"

"त्याला पोरं लागतील, तात्या! ती सांगायला आता दुसरी नर्स बघा. एका जन्मात मी दोन्हीकडून ओरडायची नाही."

माघात बाई गेल्या. लग्न केलं नव्हतं. स्वतःचं मूल नाही. आमचं गाव टेंपो भरभरून कर्जतला उतरलं. तिरडी पहिल्यांदा उचलली ती खालच्या थरातल्या बायकांनी. मग तात्या काठी माझ्या हातात देऊन पुढे झाले, "मला बी खांदा देऊ दे रं." मग एकेक करत सगळं गाव. मी रांगेत चालत होतो. नदीवरच्या स्मशानाच्या पायऱ्या दिसायला लागल्या तेव्हा कुठे माझी पाळी आली.

मला धाकटा भाऊ असता, तर त्याला खांदा मिळालाच नसता.