पडणाऱ्या माणसाची जाहिरात

मागच्या वर्षीच्या गणपतीत मी सायकलवरून पडले, मनगट मोडून घेतलं, पण डब्यातला एकही मोदक फुटला नाही. आमच्या ओळखीच्या मराठी घरांमध्ये ही गोष्ट अजून कौतुकाने सांगतात. मीही सांगायचे, हात प्लास्टरमध्ये असतानासुद्धा. आता सांगत नाही. का, ते सांगायलाच आज बसले आहे.

मी दर वर्षी तीन महिने लेकीकडे येते, नेदरलँड्सला, उइटहॉर्न गावात. पुण्यात शाळकरी मुलगी असताना सायकल चालवायचे, लग्न झालं तशी ती सुटली. मग इतक्या वर्षांनी इथे येऊन बघते तर माझ्याहून म्हाताऱ्या बायका टोपलीत भाजी घालून वाऱ्यात सायकल मारताहेत. म्हटलं, यांना जमतं तर मला का नाही? जावयांनी जुनी सायकल आणून दिली, बुटकी, बायकांची, आणि माझे तीन महिने सुधारले. दुकानात जावं, कालव्याच्या कडेने फिरून यावं, मनात आलं तर अ‍ॅमस्टेलव्हीनपर्यंत मैत्रिणीकडे जावं. कुणाला विचारायला नको, कुणाच्या मीटिंगा संपायची वाट बघायला नको.

त्या दिवशी या मैत्रिणीकडेच गणपती होता. लेक आणि जावई आरासीसाठी सकाळीच गाडीने पुढे गेले. मी म्हटलं, मोदकांचा शेवटचा घाणा उतरला की गरम गरम घेऊन येते. डब्याची पिशवी हँडलला अडकवली नि निघाले. पाऊस पडून गेलेला, विटांचा रस्ता ओला. एका वळणावर पुढचं चाक सरकलं. तेवढ्या क्षणात मी काय केलं असेल? डाव्या हाताने पिशवी हँडलवरून उचलली आणि उंच धरली, आणि सगळं अंग उजव्या मनगटावर घेतलं. एका डच बाईने मला उठवलं, माझ्या फोनवरून जावयांना बोलावलं. मी दवाखान्यात गेले आणि मोदक आरतीला गेले.

या वर्षी आले तेव्हा सायकल मागच्या शेडमध्ये कुलपात होती.

"आई, किल्ली मागायची नाही," लेकीने बॅगा उघडायच्या आधीच सांगून टाकलं.

"मग मी जाऊ कशी?"

"कुठे जायचंय तुला?"

"तेच तर! आता कुठे जायचंय ते दर वेळी तुला सांगत बसायचं."

"सांग की. मी सोडते गाडीने."

"कधी?"

"शनिवारी."

आता बोला. लेकीचं चुकत होतं असं नाही. दवाखान्यात माझ्याशेजारी बसून राहिली होती ती, मला आंघोळ घातली होती, वेणी घातली होती. पण सोफ्यावर बसून खिडकीतून दुसऱ्यांच्या सायकली बघायला मी एवढ्या लांब येत नाही. मी मनाशी पक्कं केलं, किल्ली मिळवायची. रडून नाही, रुसून नाही. तिची भीती घालवून.

कशी घालवायची ते मात्र सुचत नव्हतं. ते सुचलं जावयांच्या खोक्यातून.

जावई कॉम्प्युटरवर काम करतात, निम्मे दिवस घरूनच. पन्नाशीला आले आहेत. मी त्यांना 'अहो-जाहो' करते म्हणून लेक हसते, पण सवय ती सवय. तर जावयांनी जुन्या वस्तूंच्या दुकानातून, इथे त्याला क्रिंगलोप म्हणतात, एक खोकं उचलून आणलं. आत स्केटबोर्डची जुनी इंग्रजी मासिकं. स्केटबोर्ड म्हणजे खाली चार चाकं असलेली फळी, तिच्यावर उभं राहून पोरं उड्या मारतात ती. जावई स्वतः त्या फळीवर जन्मात उभे राहिलेले नाहीत. लहानपणी पुण्यात त्यांच्या शेजाऱ्यांच्या कुणा अमेरिकेच्या पाहुण्याने दोन अंक मागे ठेवले होते. ते बघून बघून यांनी फळीला जुन्या बेअरिंगा ठोकल्या, उतारावरून निघाले ते थेट वाण्याच्या पोत्यांत. तेवढीच काय ती कारकीर्द.

"लेख नाही हो वाचायचो, आई," ते म्हणाले. "जाहिराती बघायचो. जाहिराती पाठ होत्या मला."

मग आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर बसून जाहिराती बघायला लागलो. मला इंग्रजी जेमतेम येतं, पण जाहिरातीला कितीसं लागतं? लाल-हिरव्या चाकांच्या जाहिराती, कवट्या काढलेल्या फळ्या, झिजून भोक पडलेला बूट मुद्दाम मोठा करून दाखवलेला. रिकाम्या केलेल्या पोहण्याच्या तलावाच्या भिंतीवर एक पोरगा आडवा चढलाय, मोजे गुडघ्यापर्यंत, केस हवेत. एका पानाच्या कोपऱ्यातलं कापून पाठवायचं कूपन कुणा मुलाने वेड्यावाकड्या अक्षरात भरलेलं, आणि पाठवलेलंच नाही. मला त्या मुलाचं फार वाईट वाटलं.

"हा कोण?" मी एकेकावर बोट ठेवून विचारायचे.

"हा प्रो. म्हणजे ज्याच्या नावाची फळी दुकानात विकायला असते तो."

"अंगावर मांस नाही, नि म्हणे याच्या नावाची फळी. आणि आता?"

"आता साठीचा असेल. अजून खेळतो."

"याची लेक किल्ली लपवत नाही वाटतं?"

जावई हसले, पण लेक वरच्या खोलीत होती म्हणून जरा हळूच.

आणि मग ते पान आलं. गुडघ्याला बांधायच्या पॅडची जाहिरात. एकाच माणसाचे सहा छोटे फोटो ओळीने. पहिल्यात तो भिंतीच्या वर हवेत. दुसऱ्यात फळी पायाखालून तिरकी. तिसऱ्यात त्याने फळी लाथेने लांब उडवून दिलीय. मग हात छातीशी घेतलेत, मग दोन्ही गुडघ्यांवर आलाय, आणि शेवटी घसरत घसरत खाली तळाशी, तोंडावर हसू. फळी कुठल्या कुठे.

मी ते पान पुन्हा पुन्हा बघितलं. माझ्या लग्नाच्या सुमाराला मासिकांमध्ये कुकरच्या जाहिराती यायच्या, तेलाच्या, साबणाच्या. इस्त्रीच्या साडीतली बाई हसत उभी. त्या बाईच्या हातून कधी वरण सांडलं नाही की तिचा पाय घसरला नाही. आणि इथे हा गृहस्थ चक्क आपटतोय, आणि त्याचं आपटणं दाखवून माल विकताहेत!

"याने फळी का सोडली हो?" मी विचारलं. "त्याच्या नावाची ना ती?"

"धरून ठेवली असती तर हाड मोडलं असतं. आई, ही माणसं सगळ्यात आधी पडायला शिकतात. फळी सोडायची, हात आत घ्यायचे, नि मग पडायचं."

मी माझ्या मनगटाकडे बघितलं. अजून पाऊस यायचा असला की ठणकतं. जावईही तिकडेच बघत होते.

"मला शिकायचंय," मी म्हटलं.

"काय? स्केटबोर्ड?"

"पडायला."

आमच्या शेजारी एक डच बाई राहते, माझ्याच वयाची, एकटी. तिला जावयांनी विचारलं तर ती म्हणाली, त्यात काय, वस्तीतल्या समाजकेंद्रात वर्ग असतो की, मी जातेच. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला 'जपून हं' म्हणतात, इथे त्याला पडायला शिकवतात. लेक कामावर गेली की आम्ही दोघी चालत जायचो. हॉलमध्ये निळ्या गाद्या अंथरलेल्या, आमच्यासारखीच दहाबारा माणसं, आणि शिकवणारा उंचच्या उंच, आजीशी बोलावं तसं हळू बोलणारा. मी ते पान बरोबर नेलं होतं. त्याने बघितलं नि खो खो हसला. इंग्रजीत म्हणाला, "गुडघे त्याचे आहेत, तुमचे नाहीत. तुम्ही कुशीवर लोळायचं. पण हात मात्र अगदी असेच पाहिजेत."

लोळायला मला लवकर जमलं. हनुवटी छातीला, पाठ गोल, खांद्यावरून कुशीवर. गंमत पुढे झाली. त्याने प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकचा पेला दिला. म्हणाला, पडताना सोडून द्या. सगळ्यांनी सोडले. मी पडले, व्यवस्थित पडले, आणि माझा हात वर. पेला सरळ. पुन्हा पडले, पुन्हा तेच. सगळी माणसं टाळ्या वाजवून हसायला लागली.

"रिकामा आहे तो," शिकवणारा म्हणाला. "तुम्ही काय वाचवताय?"

काय सांगणार त्याला? घरी येऊन जावयांना सांगितलं. लहानपणी मी दुधाची बरणी घेऊन पायरीवरून घसरले, तर आतून आवाज आला, "सांडलं का गं?" सासरी लोणच्याची बरणी घेऊन माळ्यावरून उतरताना शिडी सरकली, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, "बरणी शाबूत आहे ना?" लोक वाईट नव्हते हो. मायेची होती माणसं. पण 'लागलं का' हा प्रश्न नेहमी दुसरा यायचा. मग हातालाच कळायला लागलं, आधी काय वाचवायचं ते. मागच्या वर्षी मोदकांचं कौतुक झालं आणि मला बरं वाटलं, त्यात नवल नाही.

जावई उठले. स्टीलचा डबा घेऊन आले, त्यात चुरमुरे भरले आणि मागच्या अंगणातल्या हिरवळीवर जुनी गादी टाकली.

"पडा," म्हणाले. "आणि डबा उडवा. त्या प्रोसारखा. लांब!"

पहिले काही दिवस डबा माझ्या हातातच राहिला. मग एकदा सुटला, पण झाकण लागलेलं होतं, ते मोजायचं नाही. मग झाकण न लावता. मग एका दुपारी काय झालं कोण जाणे, मी पडले आणि डबा आपोआप गेला, खणखणत कुंपणापर्यंत, आणि चुरमुऱ्यांचा पाऊस. शेजारीण वरच्या खिडकीतून ओरडली, शाबास अशा अर्थाचं काहीतरी डचमध्ये. मी गादीवर पडल्या पडल्या हसत होते. आणि दारात लेक उभी. ऑफिसातून लवकर आलेली.

"हे काय चाललंय?"

"आई पडताहेत," जावई म्हणाले.

"ते दिसतंय मला! आणि तू पाडतोयस?"

मग सगळं सांगितलं. ते पान दाखवलं. लेकीने सहाही फोटो नीट बघितले, हाताची घडी घातली आणि म्हणाली, "चुरमुऱ्यांचं काय घेऊन बसलीस. चुरमुरे कोणीही टाकेल. मला खऱ्या वस्तूवर दाखव."

लेक कोणाची आहे! आत गेली नि मी सकाळी वळलेले बेसनाचे लाडू डब्यात भरून घेऊन आली. मंद आचेवर सकाळभर भाजलेलं बेसन होतं ते, माझा खांदा भरून आला होता. डबा हातात दिला. जड लागला. वास आला तुपाचा. मी गादीच्या कडेला उभी राहिले, आणि खरं सांगते, सायकलवरून पडताना वाटली नव्हती एवढी भीती तेव्हा वाटली. अंगाची नाही. आता हात पुन्हा वर गेला तर किल्ली गेली, याची.

मी त्या पानातल्या माणसाचे हात डोळ्यांसमोर आणले. हनुवटी आत घेतली आणि स्वतःला सोडलं.

डबा उडाला. लाडू हिरवळीवर, कुंडीवर, एक शेडच्या दारावर आपटून भुगा.

"अगं, लाडू!" लेक किंचाळली.

मी कुशीवरून उठून बसले. दोन्ही हात मांडीवर ठेवले, धडधाकट. जावई तोंड दुसरीकडे करून हसत होते. लेकीला आपण काय बोललो ते कळलं, आणि तिचा चेहरा असा काही झाला की मलाच तिची दया आली.

"आधी काय विचारायचं असतं?" मी म्हटलं.

ती खाली बसली, गवतातच, ऑफिसच्या कपड्यांत. माझं उजवं मनगट हातात घेऊन हळूच फिरवून बघितलं.

"लागलं का गं आई?"

"नाही."

किल्ली तिने त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या खुंटीवर अडकवली. ते पान मी जावयांकडून मागून घेतलं आणि शेडच्या दाराला आतून चिकटवलं. सायकल काढताना रोज दिसतो तो प्रो, फळी सोडून घसरत जाणारा.

काल मैत्रिणीकडे पुन्हा गणपती आला. शेवटचा घाणा उतरवला, डबा भरला, पिशवी हँडलला अडकवली. रस्ता ओलाच होता. लेक या वर्षी पुढे गेली नव्हती, दारात येऊन उभी राहिली.

"आई, पडलीस तर डबा सोडून दे हं!"

"आधी पडू तर दे," मी म्हटलं आणि पेडल मारलं.