लिहून उठल्यावरची आंघोळ

प्लेगात माझी धाकटी बहीण गेली. तिच्यावर लिहिलेली गोष्ट सोलापुरातल्या एका मासिकाच्या संपादकांनी तीनदा परत केली. "अजून काळीज पिळवटत नाही," असं ते बशीतला चहा फुंकत सांगत. दर वेळी मी घरी येऊन बहिणीला कागदावर पुन्हा मारायचो आणि अन्नाला शिवायचो नाही. शेवटी आईनं बंब पेटवला. म्हणाली, "मसणातनं आल्यावर आंघोळ करतोस न्हवं? मग हे लिहून उठल्यावरबी कर की, आन जेव."

मी ऐकलं. चौथ्यांदा गोष्ट पसंत पडली, पण संपादकांना माझा चेहरा खटकला. "एवढं दुःख लिहून इतके ताजेतवाने कसे?"

"आंघोळ करून आलोय," मी म्हणालो. "तुम्हीही करा. तिला आणखी तीनदा मसणात नेलं ते तुमच्याच पायी."