रापी आणि बोरू

तेल पाजलेल्या चामड्याचा वास एकदा खोलीत शिरला की लवकर निघत नाही. भाद्रपदातल्या एका ओलसर दुपारी गणपतदादा आणि त्यांची मुलगी स्नेहल कापडे गावाहून महाडला आली, नव्या चामड्याची एक पिशवी आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक जीर्ण कागद माझ्या टेबलावर ठेवून गेली, आणि पुढचे पंधरा दिवस माझ्या घरात त्या वासाखेरीज दुसरा ऋतूच उरला नाही. खिडकी उघडावी तर औद्योगिक वसाहतीकडून उग्र दर्प आत येई, मिटावी तर हा वास दाटून येई.

दादा चर्मकार, चपला आणि पिशव्या शिवणारे. मी चित्रकलेची शिक्षिका, आणि मोडी येते म्हणून पंचक्रोशीतले जुने कागद वाचून देणारी. माझी जुनी विद्यार्थिनी असलेल्या स्नेहलला वडिलांच्या पिशव्या आता इंटरनेटवर विकायच्या होत्या. त्यांवर उमटवायला हातानं लिहिलेलं, जुन्या वळणाचं बोधचिन्ह हवं होतं. "बाई, ही आमच्या घराण्याची सनद. ह्याच अक्षरात आमच्या मूळपुरुषाचं नाव लिहून द्या," ती म्हणाली. दादा पिशवीच्या शिवणीवरून अंगठा फिरवत बसले. मी मात्र कागद न वाचताच होकार दिला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण माझ्याच स्वभावावरून पडली असावी.

ती दोघं गेल्यावर वाचला. ती सनद नव्हती. वेठीचा करार होता. दर दसऱ्याला गावच्या वतनदारांना पायताणं विनामोबदला द्यावीत, मागतील तेव्हा दोर आणि पाण्याच्या पखाली द्याव्यात, आणि परवानगीवाचून गावची शीव ओलांडून राहायला जाऊ नये, असं त्यात त्या मूळपुरुषाकडून कबूल करून घेतलं होतं. खाली सही नव्हती. ज्याला लिहिता येत नसे त्यानं आपल्या हत्याराचं चित्र काढावं, अशी तेव्हाची रीत. कुणब्याचा नांगर, तशी ह्यांची चामडं कापायची रापी. कापऱ्या हातानं ओढलेल्या दोन रेघा, बस्स.

आणि त्या दोन रेघांच्या वर अक्षर कसं, तर मोत्यासारखं! ते मी पाहताक्षणी ओळखलं, कारण ते माझंच होतं. आमच्या घराण्यात गावचं दप्तर लिहिण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या होतं. हा कागद आमच्यापैकीच कोणी लिहिला की नाही, देव जाणे, पण वडिलांनी माझा हात धरून गिरवून घेतलेलं वळण तेच होतं. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची, मग बोरू न उचलता तिला अक्षरं टांगत जायची. मी ते वळण मोडून पाहिलं, डाव्या हातानं लिहून पाहिलं, जाड कुंचल्यानं लिहून पाहिलं. चार अक्षरं परकी येत आणि पाचव्याला मनगट आपल्या वाटेनं निघे. स्वतःच्याच हाताची इतकी चीड मला कधी आली नव्हती. सांगावं, तर स्नेहलचा अभिमान माझ्या एका वाक्यानं विझणार. न सांगावं, तर ज्या अक्षरानं ह्या माणसांना शिवेच्या आत कोंडलं, तेच ती हौसेनं प्रत्येक पिशवीवर मिरवणार. इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी मला एक युक्ती सुचली आणि मी स्वतःवरच खूश झाले. अक्षर सोडूनच द्यावं. कागदावरची रापी मोठी करून तेच बोधचिन्ह करावं. चित्र घेऊन मी कापड्याला गेले. शेतात लवकर पिकणारं हळवं भात पिवळं पडू लागलं होतं. दादा ओट्यावर एकटेच शिवत होते. मी कागद वाचून दाखवला, एकही शब्द न गाळता, आणि मान खाली घालून रापीचं चित्र पुढे केलं.

दादांनी टाका पुरा केला. "ठावं हाय मला, बाई. आज्यानं सांगितलेलं. पोरीला नाय सांगितलं अजून, तेवढं माझं चुकलं. आज सांगीन." मग चित्र बाजूला सारलं. "रापी नको. ती काय, हातातच हाय माझ्या. अक्षरच पायजे मला, हेच. आजवर त्यानं दुसऱ्यांचं सांगणं लिवलं. आता मी सांगतो, तुमी लिवा."

नाही म्हणायला मला जागाच नव्हती. मी तिथेच ओट्यावर बसले, आडवी रेघ ओढली, आणि ते सांगत गेले तसं मूळपुरुषाचं नाव लिहीत गेले. वळण चुकलं नाही. ते चुकत नाही, हेच तर माझं दुखणं. मला वाटलं होतं, लिहिल्यावर सुटल्यासारखं होईल. झालं नाही. व्हायला हवं होतं, अशी अपेक्षा तरी मी कोणत्या तोंडानं करावी, हे अजून मला कळलेलं नाही.

दादांनी कागद उजेडात धरून बराच वेळ निरखला.

"बरं हाय," ते म्हणाले. "पर अजून एकदा लिवा."

मी नवा कागद घेतला.