शेवटची धाव आणि शिट्टी

नव्वदच्या दशकात बेंगळूरच्या आमच्या वस्तीत मुलांचा एक फुटबॉल संघ होता. त्याचा वॉर्म-अप घेण्याचं काम माझ्याकडे होतं. मी तेवीस वर्षांचा होतो. खेळात बेताचाच, पण सांगितलेलं नेमानं करून घेण्यात चांगला. म्हणून आमच्या प्रशिक्षकांनी ते मला दिलं. ते कारखान्यातून निवृत्त झालेले होते आणि सगळी वस्ती त्यांना अण्णा म्हणायची.

अण्णांची पद्धत साधी होती. आधी मैदानाला दोन सावकाश फेऱ्या. मग गुडघे उचलून, टाचा मागे मारत, आडवं पळणं. मग जोडीजोडीनं चेंडू देणं-घेणं आणि शेवटी सहा छोट्या, जोरकस धावा. बाकीचे संघ तेव्हा जमिनीवर बसून, अंगठे धरून तीसपर्यंत आकडे मोजायचे. अण्णांना ते पटत नसे. "पोरं आहेत की वाळत घातलेले पापड?" असं ते विचारायचे. त्यांचा एकच नियम कडक होता. शेवटची धाव आणि सामन्याची शिट्टी यांत दहा मिनिटांहून जास्त वेळ जाता कामा नये. गेला, तर धावा पुन्हा.

माझा धाकटा भाऊ या संघात उजव्या कडेनं खेळायचा. डिसेंबरमधल्या एका सामन्याला राज्याच्या कनिष्ठ संघासाठी मुलं निवडणारे दोघे जण येणार होते, मुख्यतः त्यालाच पाहायला. वयाची अट पाहता त्याला ती शेवटची संधी होती. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं.

त्या सामन्याचे प्रमुख पाहुणे मी ठरवले होते. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या माझ्या कंपनीतले मोठे साहेब. माझी नोकरी तोवर कायम झाली नव्हती.

सकाळी आठचा सामना. आठला दहा मिनिटं असताना शेवटची धाव झाली. मी मुलांना मांडवासमोर ओळीत उभं केलं, कारण पाहुणे हस्तांदोलन करणार, मग फोटो, मग खेळ. सगळ्यांच्या पांढऱ्या चड्ड्या वडिलांनी आमच्या शिवणाच्या दुकानात शिवल्या होत्या. आठ वाजून गेले, साहेब आले नाहीत. धुकं होतं, गार वारा होता.

अण्णा आले. "हे नवरदेव कशाला उभे केलेस? धावा घे पुन्हा."

"अण्णा, स्वल्प थांबा. साहेब येतीलच."

"साहेब उद्या आले तरी चालतील. पोरांचे पाय गार पडतायत."

"चड्ड्या लाल मातीनं भरतील. फोटो काढायचाय."

"सरी, बरं," अण्णा म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले. एकदा दिलेलं काम ते परत घेत नसत.

थोड्या वेळानं भाऊ ओळीतून म्हणाला, "दादा, मांड्या आखडल्यात. दोन धावा मारून येऊ?"

"नीट उभा राहा. गाडी आलीच."

गाडी साडेआठनंतर आली. हस्तांदोलन झालं, फोटो झाला, छोटंसं भाषण झालं. शिट्टी वाजली तेव्हा नऊ व्हायला आले होते. तिसऱ्या मिनिटाला भावाला पुढे लांब चेंडू मिळाला. तो चार पावलं जोरात पळाला, मांडी मागून धरली आणि खाली बसला. पुन्हा उठून खेळला नाही. स्नायू फाटला होता.

संध्याकाळी वडिलांनी मला विचारलं, "वॉर्म-अप तर तू घेतोस ना?"

"घेतला होता, बाबा. हाच अंग चोरतो."

भाऊ त्याच खोलीत पाय उशीवर ठेवून पडला होता. अण्णा दोनदा त्याला बघायला आले, दोन्ही वेळा मी दाराशी उभा राहिलो. त्यांनी फक्त पायाची चौकशी केली.

निवड हुकली. माझी नोकरी पुढे कायम झाली. सामन्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. साहेबांना त्या सकाळी मी तिथे होतो हेसुद्धा आठवत नव्हतं.

पाय बरा झाल्यावर भाऊ वस्तीच्या संघातून पुन्हा खेळू लागला. प्रत्येक सामन्याआधी तो सगळ्यांच्या अर्धा तास आधी मैदानावर जायचा आणि एकटाच सगळा क्रम दोनदा करायचा. एका सकाळी मी विचारलं, "एवढं कशाला रे?"

तो धापा टाकत म्हणाला, "त्या दिवशी मीच टाळाटाळ केली असणार, दादा. तू म्हणालास ना बाबांना."

मैदानावर आम्ही दोघेच होतो. मी म्हटलं, "हं." आणि तो परत पळायला गेला.

आता तोही पन्नाशीकडे आलाय. ही गोष्ट तो अजून अशीच सांगतो, स्वतःवर हसत, आणि मी शेजारी बसून ऐकतो. मराठी लिहायला-वाचायला आईनं मला घरी शिकवलं. त्याच्या वेळी तिला सवड झाली नाही. तो मराठी बोलतो, वाचत नाही. म्हणूनच हे मी मराठीत लिहू शकलो.