गणपतीपर्यंत थांबलेला अर्ज

आमच्या गावच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष मुंबईत राहत आणि त्यांची सही मिळे ती गणपतीतच. टपालानं कागद पाठवून सही मागवणं म्हणजे मुंबईकरांचा मान न ठेवणं. त्यांनी यायचं, सगळ्यांनी देवळात बसायचं, ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालायचं आणि मग कागदाला पेन लावायचं. मी संस्थेच्या हायस्कुलात क्लार्क होतो. डी.एड. कॉलेजच्या परवानगीचा अर्ज मीच लिहिला होता आणि मुदतही मीच वाचली होती. ती गणपतीच्या आधी संपत होती. तरी थांबू या, सरकारी मुदत मागेपुढे होतेच, असं मी ऐटीत सांगितलं. सगळ्यांना ते पटलं, कारण सगळ्यांना तेच हवं होतं.

आमचा अर्ज म्हणजे वरातीमागून घोडं. तो आठ दिवस उशिरा पोचला. जिल्ह्यातली खाजगी कॉलेजांची मर्यादा पूर्ण झाली आहे, नवीन देता येत नाही, असं उत्तर आलं. त्या मर्यादेवर गाव इतकं भडकलं की उशिराचं कुणी नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्याकडे तेवढं शहाणं कुणी नव्हतं. शेजारच्या तालुक्यातली एक संस्था याच मर्यादेविरुद्ध हायकोर्टात गेली होती, तिच्यापाठोपाठ आम्हीही गेलो. निकाल लागेपर्यंत वर्ग चालवायचे तर स्वतःच्या जबाबदारीवर चालवा, असं कोर्टानं सांगितलं. जूनमध्ये हायस्कुलाच्या दोन खोल्यांत कॉलेज सुरू झालं.

माझ्या धाकट्या बहिणीचं नाव तेव्हा रत्नागिरीच्या सरकारी कॉलेजच्या यादीत लागलं होतं. घरचं कॉलेज असताना तिकडे खोली घेऊन राहायचं कशाला, असं मीच तिला समजावलं. संस्थेच्या क्लार्कची बहीणच दुसरीकडे गेली तर लोक काय म्हणतील, हे माझं खरं कारण. तिनं ती जागा सोडली.

मग दोन वर्षं नुसत्या तारखा. तारीख असली की मी दुपारपासून पोस्टात जाऊन बसे, वकिलांचा ट्रंककॉल येईल म्हणून. पुढची तारीख मिळाली, एवढंच ऐकू येई आणि मला हायसं वाटे. निकाल नाही म्हणजे माझी चूक अजून झाकलेली. घरी बहीण पडवीत बसून पाठांची टाचणं काढायची, पुठ्ठ्यांवर फळांची चित्रं चिकटवायची, रेषा मारून द्यायला मला बोलवायची. परीक्षा जवळ आली आणि फॉर्म निकालावाचून अडकले. ती मात्र निर्धास्त होती. भाऊ ऑफिसात आहे, तो बघेल, असं मैत्रिणींना सांगायची.

शेवटी वकिलांचं पत्र आलं. ते इंग्रजीत, म्हणून संस्थेच्या चिटणिसांनी कॉलेजच्या सगळ्या मुलींना बोलावून मलाच मराठीत सांगायला लावलं. केवळ मर्यादा पूर्ण झाली म्हणून परवानगी नाकारता येणार नाही, असं कोर्टानं म्हटलं होतं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मला पुढची ओळ दिसत होती. शेजारच्या संस्थेचा अर्ज मुदतीत होता, तिला परवानगी द्यावी. आमचा मुदतीनंतरचा, म्हणून आमची याचिका फेटाळली. मुलींना परीक्षेला बसता येणार नव्हतं, दोन्ही वर्षं फुकट गेली होती. आपण रीत पाळली, आपलं काय चुकलं, असं चिटणीस म्हणाले. मला त्यांचा राग आला, आणि ते मला सांभाळून घेताहेत हे कळून जास्तच आला.

घरी बहीण रडली नाही. पुठ्ठे एकावर एक रचत तिनं विचारलं, "माझी रत्नागिरीची जागा सोडायला लावलीस, तेव्हा अर्ज उशिरा गेलेला तुला ठाऊक होता काय रे?"

मी हो म्हणालो.

"मग तेवढं सांगायचं नाय? काय करायचं ते मी बघितलं असतं."

पुढल्या जूनमध्ये ती रत्नागिरीला गेली आणि पहिल्या वर्षापासून सगळं पुन्हा शिकली. शिक्षिका झाली, नाव काढलं. भाऊबीजेला अजून येते, ओवाळते, माझ्या पथ्याची चौकशी करते. पण त्या दिवसानंतर, स्वतःच्या लग्नाचं ठरवतानासुद्धा, तिनं मला कधी विचारलं नाही की दादा, मी काय करू.