पेटीतली साखर

नाताळला दहा-बारा दिवस उरले होते आणि आम्ही दोघी सासू-सून सक्करदऱ्यातल्या एका बेकरीत बाकावर बसून पहारा देत होतो. पन्नासएक वर्षं झाली असतील या गोष्टीला... माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम सात महिने झाले होते.

पहारा कसला, तर केकचा! घरी ओव्हन कुणाकडे होते तेव्हा? नागपुरातली आम्ही ख्रिस्ती कुटुंबं मैदा, अंडी, लोणी, साखर आणि आपापले डबे घेऊन बेकरीत जायचो. तिथला माणूस मिश्रण फेटून भट्टीत लावून द्यायचा.

आणि सासूबाईंचं ठाम मत, की बेकरीवाले सगळे चोर. अर्ध्या सामानाचा आपला केक, उरलेल्याची त्यांची बिस्किटं! म्हणून त्यांनी अंड्यांवर नजर ठेवायची आणि मी साखरेवर.

साखर तेव्हा कंट्रोलच्या दुकानात रेशन कार्डावर मिळायची, तीही मोजकीच. सासूबाईंनी महिनोन् महिने चहात हात आखडून ती जमवली होती. "मी सांगतल्याशिवाय पिशवी सोडू नको वं!" असा हुकूम झाला. मी नरखेडकडच्या खेड्यातली... करंज्या-अनारसे कितीही सांगा, पण केक होताना जन्मात पाहिला नव्हता. पिशवी पोटाशी धरून बसले.

बेकरीतले वामनभाऊ परातीत हातानं लोणी फेटत होते. त्यांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर सासूबाई कडाडल्या, "तू बोलू नको गा, फेट!" मग त्या डब्यांवर खिळ्यानं आमची खूण कोरायला ओसरीवर गेल्या. तेवढ्यात हे गृहस्थ परात उचलून सरळ आतल्या खोलीत! दोन मिनिटांनी बाहेर आले, जसं काही झालंच नाही.

"परात आत काहून नेली त्यानं?" सासूबाईंनी येताना ते पाहिलं होतं. तयार केक घेऊन घरी पोचेपर्यंत रिक्षात हेच चाललं होतं. लोणी काढलं असणार, दुसरं काय? मलाही पटलं, खोटं कशाला बोलू.

घरी पिशव्या रिकाम्या करताना माझ्या हाताला लागली... साखर. सगळीच्या सगळी!

आपण डबे कोरत असताना सुनेनं साखर दिली असेल, असं सासूबाईंनी धरलं होतं. मी बसले होते त्यांच्या हुकमाची वाट बघत! नाताळला सगळं गणगोत येणार, चर्चमधली मंडळी येणार, आणि त्यांच्या पुढ्यात हा बिनसाखरेचा केक... सांगायची हिंमतच झाली नाही. पिशवी माझ्या पेटीत साड्यांखाली ढकलून दिली.

चार दिवस घरात नुसती धांदल होती. भिंतींना चुना, कागदाचा तारा, करंज्यांचं सारण. मी मात्र कुणी केकचं नाव काढलं की दचकायची. सासूबाईंच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्या माझ्याकडे जरा जास्तच बघायला लागल्या होत्या.

मग मुंग्यांनी घात केला.

"तुया पेटीले मुंग्या काहून लागल्या वं?" असं म्हणत सासूबाईंनी पेटी उघडायला लावली. साखर बघून त्यांचा चेहराच उतरला. नवी सून घरातला जिन्नस लपवते, याहून वाईट काय असतं हो! मी रडत रडत खरं ते सांगून टाकलं... केकमध्ये साखर पडलीच नाही, आई.

त्यांनी डबा काढला, आणि नाताळआधी ज्याला आमच्याकडे कुणी सुरी लावत नाही तो केक कापला. एक तुकडा स्वतः खाल्ला, एक माझ्या हातावर ठेवला.

गोड होता! चांगला व्यवस्थित गोड!

म्हणजे आता मी चोर आणि वर खोटारडी. केक गोड आहे, तर पेटीतली साखर आली कुठून? घरच्या डब्यातून काढलेली, अजून कुठून! केक बदलला म्हणावं, तर डब्यावर खूण आमचीच. मलाच माझा संशय यायला लागला... शेवटी मीच डोळे पुसले आणि म्हटलं, आई, बेकरीत चला. आत्ताच्या आत्ता.

वामनभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. "हो, साखर तं ह्या बाईच्या मांडीवरच होती," ते म्हणाले. "मंग आत जाऊन माह्या घरची टाकली." त्या आतल्या खोलीतच त्यांचा संसार होता.

"मांगाची नाही का गा मले?" सासूबाईंचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"तुमी अंड्याचे टरफलं मोजून राहिल्या होत्या, मावशी. त्यात अजून साखर मांगतली असती, तं काय म्हटलं असतं तुमी मले?"

ज्या बाईच्या तोंडाला अख्खी गल्ली भ्यायची, तिनं सोबत आणलेली साखरेची पिशवी वामनभाऊंपुढे ठेवली, हात जोडले आणि बाहेर आली. तुम्हाला सांगते, मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण सासूबाईंचीच दया आली.

परतीच्या रिक्षात त्या समोर बघतच म्हणाल्या, "तुले मी तोंडानं चोर म्हटलं नाही वं, पण मनात म्हटलं. लई लागलं असन ना?"

"हो," मी म्हटलं.

"माफ कर मले."

सासूनं सुनेची माफी मागितलेली मी तोवर कधी ऐकलीसुद्धा नव्हती. आता मी स्वतः सासू आहे. आजवर दोनदा सुनेची माफी मागायची वेळ आली, आणि दोन्ही वेळा आधी दोन-दोन दिवस घालवले... आई, तुम्ही घरी पोचायच्या आतच मागितली होती हो.