सरांच्या वह्या मी दिल्या नाहीत

"ही? ही त्यांचं डायपर बदलायची."

मॅडम माइकवर म्हणाली. हसून. कुवेतमधल्या हवल्लीतल्या तिच्या म्युझिक स्कूलचा हॉल भरला होता. स्टेजवर सरांचा हार घातलेला फोटो. कुणीतरी विचारलं होतं, शेवटी सरांजवळ कोण होतं? तिने माझ्याकडे बोट केलं. मी ज्यूसचा ट्रे घेऊन उभी होते. पुढच्या रांगेतली मराठी माणसं आधी हसली. त्यांचं बघून बाकीचे.

डायपर बदलायचे मी. दोन वर्षं. नर्स आहे. त्याची लाज नाही मला.

तोंडावर मी मॅडमला अहो-जाहो करायचे. इथे करणार नाही.

सर पियानोवादक, मूळचे हंगेरीचे. बुडापेस्टमध्ये जन्म. आठ वर्षांचे असताना आईचा हात धरून बर्फातून चालत सरहद्द ओलांडली. पुढे अमेरिका. आई शिवणकाम करायची, सर चर्चच्या पियानोवर शिकायचे. एका मोठ्या संगीतशाळेत प्रवेशपरीक्षेला गेले तर परीक्षकाने त्यांच्या फाटक्या बुटांकडे पाहिलं. म्हणाला, "सामान आणून देणाऱ्यांचं दार मागे आहे."

सरांनी मला त्या माणसाचं नाव स्पेलिंगसकट सांगितलं. "लिही," म्हणाले. "साठ वर्षं झाली. कुठल्याही हॉलमध्ये वाजवलं, तरी आधी त्याला ऐकवलं. मग लोकांना."

पुढे मोठमोठे हॉल, रेकॉर्ड, नाव. बायको वारली, मूलबाळ नव्हतं. मॅडमने बोलावलं म्हणून म्हातारपणी कुवेतला शिकवायला आले. स्कूलच्या बोर्डवर त्यांचा फोटो लागला. तिसऱ्या वर्षी झटका आला. उजवी बाजू गेली. महिन्याभरात बोर्डवरचा फोटो उतरला. मॅडमने त्यांच्या फ्लॅटमधला पियानो उचलून शुवैखच्या गोदामात टाकला.

सरांचा डावा हात चांगला होता. डाव्या हाताने वाजवता येतं, त्यासाठी वेगळं संगीत लिहिलेलं असतं, हे त्यांनीच मला सांगितलं. म्हणाले, विचार तिला, पियानो परत देते का. मी विचारलं.

"डाव्या हाताचं ऐकणार कोण? आणि तुला गं काय कळतं त्यातलं?"

पहिल्याच दिवशी तिने माझं आडनाव विचारलं होतं. लातूरकडची मी. सांगितलं. "अच्छा," म्हणाली. तेव्हापासून तिच्या ऑफिसात बाकीच्यांना काचेचा कप, मला कागदी. तोच घेत राहिले. मला कामावर ठेवणारी एजन्सी तिच्या नवऱ्याच्या मित्राची. अकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्यांच्या हातात.

सर जेवणाच्या टेबलावर डाव्या हाताची बोटं चालवायचे. नुसती टकटक. दुपारी आपलं आयुष्य सांगायचे, अडखळत, इंग्रजीत. मी मराठीत लिहून घ्यायचे, भराभर तेवढंच जमायचं. तीन वह्या भरल्या. पियानो नेला तो दिवसही आहे त्यात. कोण आलं, काय बोललं, सर दाराला धरून कसे उभे राहिले. शेवटच्या पानाखाली त्यांनी डाव्या हाताने वाकडीतिकडी सही केली. "हे तुझ्याकडे राहू दे," म्हणाले.

सर गेले आणि मॅडमचा फोन आला. "स्मरणिका काढतोय. त्या वह्या घेऊन ये."

मी नेल्या. खोटं कशाला बोलू, देणार होते. घाबरले होते.

तिथे तिचं भाषण ऐकलं. सर म्हणे शेवटच्या दिवसापर्यंत तिच्याच पियानोवर वाजवत होते. मग तो प्रश्न. मग ते डायपर. मग खाली उतरून माझ्या कानाशी आली.

"वह्या दे. आणि ट्रे रिकामा झालाय, दिसत नाही?"

ट्रे मी तिच्या खुर्चीवर ठेवला आणि माइककडे गेले. सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत बोलले.

"सर आखिरी दो साल बिना पियानो के थे. पियानो इन्होंने उठवाया. सब लिखा है मेरे पास."

माइक बंद झाला. मी वही उघडली आणि पियानो नेला त्या दिवसाचं पान मोठ्याने वाचलं. मराठीत. पुढच्या रांगेला सगळं कळत होतं. कुणी हसलं नाही. एक बाई उठली आणि मुलीला घेऊन निघून गेली.

मॅडम माझ्या समोर येऊन उभी राहिली. "एक फोन करीन. आठवड्यात लातूरला असशील."

"करा," म्हटलं.

तिने केला. एजन्सीने काढलं. अब्बासियात चार नर्सेसच्या खोलीत राहतेय. तिकीट आलंय. पुढच्या रांगेतल्या एकीचा मेसेजही आला, "माफी माग, मॅडम मनाने मोठ्या आहेत."

मागणार नाही. तिने मागितली तरी घेणार नाही.

इथे तिचं नाव लिहिलेलं नाही, कारण मी अजून कुवेतमध्ये आहे. विमान उतरलं की लिहीन. तिचं, तिच्या नवऱ्याचं, शाळेचं. वह्या छापणार आहे, मराठीतच, म्हणजे तिला कुणाकडून समजून घ्यावं लागणार नाही. पहिली प्रत पुण्यात तिच्या माहेरी, स्वतः नेऊन देणार आहे.